सखुबाईच्या हाताचा गुण

सखुबाईच्या हाताला गुण आहे, असं बोरिवलीच्या काजूपाड्यात कुणीही सांगायचं. गुडघे असोत, मूळव्याध असो की साखर, गावाहून आणलेली मुळी ती उगाळून द्यायची आणि नारळाशिवाय काही घ्यायची नाही. अटी दोनच. मुळीचं नाव विचारायचं नाही आणि औषध चालू आहे हे कुणाला सांगायचं नाही. नाव फुटलं की गुण जातो, असं सासूने मरताना बजावलं होतं. तेव्हापासून चाळीस वर्षं सखुबाईने तोंड शिवून ठेवलं होतं आणि त्याचा तिला तोरा केवढा!

मुलगा शिवदास गोरेगावला स्टुडिओत लाइट लावायचा. त्याला दहा वर्षांची साखर, डॉक्टरच्या गोळ्या चालू. त्यावर आईने मुळी सुरू केली, एकवीस दिवसांची. हा गाढव डॉक्टरला एक शब्द बोलला नाही. अठराव्या दिवशी पाय सुजले, लघवी बंद झाली आणि त्याला हॉस्पिटलात हलवावं लागलं.

"किडनीला काहीतरी बाधलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी काय देत होता? नाव सांगा, म्हणजे इलाज करता येईल."

"काय नाय. घरचाच जेवाण," सखुबाई म्हणाली.

सून हेमांगी पाया पडली. म्हातारी ढिम्म. तीनच दिवस उरले होते, खंड पडला तर सगळं फुकट जाईल, म्हणून ती पेजेच्या डब्यात मुळी कालवून आणायची आणि नर्सची पाठ वळली की त्याला भरवायची. लेकावर जीव होता म्हणूनच. हे लिहितानाही राग येतो.

एकविसाव्या दिवशी शिवदास कुणाला ओळखेना. तेव्हा कुठे तिने डॉक्टरीणबाईंना कोपऱ्यात नेऊन नाव सांगितलं आणि भिंतीला डोकं टेकून रडली. ते नाव इथे लिहायचं नाही, लगेच कुणीतरी कुटायला बसेल. बाई ओरडल्या नाहीत. "दाखल केलं तेव्हा सांगितलं असतं, तर किडन्या वाचल्या असत्या," एवढंच म्हणाल्या.

शिवदास जगला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, काम सुटलं. सखुबाईच्या दाराशी आता नारळ घेऊन कुणी येत नाही. लेकाचा जीव घ्यायला निघालेली बाई म्हणून लोक टाळत असतील, असं तिला वाटायचं.

एकदा डायलिसिसहून आल्यावर ती त्याच्या पायाशी बसली. "माझ्यामुळे झाला, झिला. माका माफ कर."

शिवदासने डोळे मिटूनच उत्तर दिलं. "तो शेवटचा एक दिवस थांबली असतीस, आई, तर मी बरा झालो असतो. नाव कशाला सांगितलंस? पाड्यात सगळे तेच विचारतात."