दोर बांधून घेतलेली परीक्षा

माझ्या थोरल्या जावेचं आणि माझं कधी पटलं नाही. भांडण असं नव्हतं. तिच्याकडे जे असे ते माझ्याकडे नसलं की मला अन्न गोड लागत नसे, एवढंच. दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा दोघांनीही पिठाच्या गिरणीसाठी तेलाचं इंजिन घेतलं, एकाच दुकानातून, एकाच मापाचं. तरी तिच्या इंजिनाचा ठोका मला जास्त दमदार वाटायचा. आमच्या इंजिनाच्या ठोक्यात मला खोकला ऐकू यायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आमच्या घरामागे जळगावच्या एका मारवाडी शेठचं जिनिंग होतं, चरख्यांवर कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर त्याचा बॉयलर फुटका निघाला. शेठ दोघा भावांना म्हणाला, "ज्याचं इंजिन जास्त ओढेल, ते हंगामभर माझे चरखे फिरवील." चार महिन्यांचं बिनघोर काम. मला ते हवं होतंच, पण त्याहून जास्त, ते तिला मिळायला नको होतं.

मी मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मागे लागले. हवा ओढायचा नळ अरुंद आणि खोलीच्या आतच होता, त्यामुळे इंजिन आपलाच गरम धूर परत खायचं. त्यांनी रुंद नळ आणला आणि मागच्या भिंतीतून न्हाणीच्या बाजूला बाहेर काढला. आधी आमचं इंजिन चाकाला दोरानं लावलेली चार वजनं ओढायचं, तिचंही चारच. नव्या नळावर पाच ओढली. त्या दिवशी मी भाकर चवीनं खाल्ली.

अडचण एकच. जिनिंगची कापसाची तूस सारखी उडायची आणि नळात जायची. म्हणून पाणी गाळायचं फडकं मी नळाच्या तोंडावर चौपदरी बांधलं. फडकं कोरडं असलं की हवा आरामात जायची. मालकांनीही पाहिलं, बरं केलंस म्हणाले.

परीक्षेला भुसावळच्या रेल्वे कारखान्यातला जुना फिटर बोलावला. त्याची रीत अशी: इंजिनाच्या मोठ्या चाकाला जाड दोर गुंडाळायचा, एक टोक वर वजनकाट्याला अडकवायचं, दुसऱ्याला वजनं लावत जायची. दोर चाकाला आवळतो, इंजिनाला ते सोसावं लागतं. ठोका मंदावला की थांबायचं.

आधी तिचं झालं. चार वजनं. शेठनं मान हलवली.

आमच्याकडे मंडळी येणार म्हणून मी सकाळी अंगण सारवलं, भांडी घासली आणि ते फडकंही धुतलं. काळं झालं होतं, जाऊ नावं ठेवील म्हणून. वाळायला वेळ नव्हता. पिळलं आणि ओलंच बांधलं.

दुसऱ्या वजनाला ठोका जड झाला. तिसऱ्याला इंजिन काळा धूर ओकायला लागलं आणि चाक थांबलं.

फिटर मालकांना म्हणाला, "आबा, हे काय? नवा नळ लावला की इंजिनाचा गळा दाबला?"

मालकांचं तोंड उतरलं. "परवा पाच ओढली होती," ते म्हणाले.

थोरले दीर हसले. "परवा आम्ही नव्हतो ना बघायला."

फिटरनं पुन्हा इंजिन चालू केलं. मी पदर सावरत मागं न्हाणीकडे गेले. फडकं नळाच्या आत ओढलं गेलं होतं, ताणून पापडासारखं झालं होतं. ओल्या फडक्यातून हवा कुठली जाणार? मी गाठीला हात घातला. एवढ्यात पाठीमागून जाऊ आली.

"काय करी ऱ्हायनी व?"

"काही नही."

"आज तुमना इंजिनले उपास शे का?" ती म्हणाली आणि खुदकन हसली.

गाठ सोडली असती तर पाच वजनं ओढली असती. पण तिच्यासमोर सोडली असती तर, धाकटीनं इंजिनाचं नाक ओल्या फडक्यानं बांधलं, ही गोष्ट धुळ्यापर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांत तिनं पोचवली असती. मी हात काढून घेतला आणि पाणी न्यायलाच आल्यासारखा हंडा उचलला.

"पानी लेवाले उनू," मी म्हटलं.

पुढे तिसऱ्या वजनालाच चाक पुन्हा थांबलं. शेठनं थोरल्याचं इंजिन नेलं.

दुपारी कुणी नसताना मी फडकं सोडलं. संध्याकाळी मालक पान्हा घेऊन नळापाशी बसले होते. फिटर जाताना सांगून गेला होता की नळ चुकलाय, काढून टाका. त्यांचा विश्वास बसत नव्हता. पाच ओढलेली त्यांनी स्वतः पाहिली होती.

"काढू का राहू देऊ?" त्यांनी मला विचारलं. "तुला काय वाटतं?"

भिंतीपलीकडून शेठचे चरखे चालू झाल्याचा आवाज येत होता. त्यात तिच्या इंजिनाचा ठोका मला वेगळा ओळखू येत होता. आता खरं बोलले असते तर सगळ्याला मीच कारण ठरले असते.

"जुनाच बरा होता," मी म्हटलं.

त्यांनी पान्हा लावला. मी दिवा धरला.