सासूची पाठ, सुनेचा हात

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि सुनेला सासूला मारायला शिकवता?"

माझ्या टेबलापुढे उभ्या असलेल्या बाईंनी हे इतक्या मोठ्यांदा विचारलं, की पलीकडच्या कॉटवर खांदा शेकत पडलेले आजोबा उठूनच बसले. या सुमनताई. ठाकुर्लीच्या एका चाळीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. त्या काळी लोक आम्हाला मालिशवाल्या समजत. मारायला शिकवणारी, हा आरोप मात्र नवीन होता.

"सुनंदा सासूला बडवते. सकाळ-संध्याकाळ. अख्खी चाळ ऐकते," सुमनताई म्हणाल्या. "आम्ही जाब विचारला तर म्हणते, ठाण्याच्या मॅडमनी शिकवलंय!"

मला हसू आलं. ते येऊ द्यायला नको होतं.

"हसताय काय? त्या वत्सलाबाईंना काय झालंय तरी काय?"

"पेशंटबद्दल आम्ही बाहेर बोलत नाही."

"अहो, त्या पेशंट नाहीतच! मी स्वतः विचारलं. म्हणाल्या, ठणठणीत आहे, खोकला म्हणजे फोडणीचा ठसका. पुढच्या आठवड्यात आम्ही चौकीवर जातोय. तुमचं नाव पण देणार."

त्या गेल्या. आजोबांनी मला विचारलं, "मॅडम, माझ्या सुनेला नाही ना काही शिकवलंत?"

आता यातलं खरं काय ते सांगते. आपल्या छातीत एक उलटं झाड असतं. घशाखालची श्वासनलिका हे खोड. त्याला दोन फांद्या, उजव्या फुप्फुसात एक, डाव्यात एक. त्यांना आणखी फांद्या, आणि अगदी टोकाला बारीक फुगे, जिथे हवेतला ऑक्सिजन रक्तात जातो. या नळ्यांना आतून लव असते. ती धूळ आणि कफ सतत वर ढकलते. घशाशी आलेला कफ आपण नकळत गिळून टाकतो. हे ऐकलं की समोरचा माणूस तोंड वाकडं करतो, आणि मला दरवेळी मजा वाटते.

वत्सलाबाईंना लहानपणी जबरदस्त डांग्या खोकला झाला होता. तेव्हा डाव्या फुप्फुसाच्या तळाच्या काही नळ्या कायमच्या सैल पडल्या, जुन्या परकराचं इलॅस्टिक पडतं तशा. तिथली लव गेली. कफ तळाशी साचायचा, कुजायचा, मग ताप. याचं नाव ब्रॉन्किएक्टेसिस. आधी सगळ्यांना टीबीच वाटला, पण थुंकी तीनदा तपासली आणि तिन्ही वेळा टीबीचे जंतू सापडले नाहीत. मग नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढला, तेव्हा निदान पक्कं झालं. आमच्या डिपार्टमेंटला सगळे ज्यांना नुसतं 'सर' म्हणत, ते छातीचे डॉक्टर मला म्हणाले, "सहा आठवडे तुझ्याकडे. कफ उतरला नाही तर फुप्फुसाचा तेवढा भाग कापून काढावा लागेल."

माझा उपाय सोपा होता. तळाला बसलेला मध काढायला आपण बाटली उलटी करतो आणि बुडावर चापट्या मारतो. माणसाचंही तसंच करायचं. याला पोश्चरल ड्रेनेज म्हणतात. खाटेच्या पायथ्याखाली पाच-पाच विटा, पेशंट डोकं खाली करून पालथा, आणि दुसऱ्याने हाताची ओंजळीसारखी वाटी करून पाठीवर वीस मिनिटं थापट्या द्यायच्या. आवाज 'फट' आला तर हात सपाट पडतोय, लागेल. 'ढप' आला तर बरोबर, आत हवा दबते आणि कफ सुटतो. सुनंदाचा हात पहिल्याच दिवशी असा बसला की मी खूश. वर मीच तिला सांगितलं, "भिऊ नकोस. जोरात."

मग ठाकुर्लीत काय झालं असेल त्याची कल्पना करा. आधी घरात विटा जाताना लोकांनी पाहिल्या. मग रोज सकाळी सहाला आणि दुपारी साडेचारला, पातळ भिंतीपलीकडून ढप ढप ढप. मधूनच सासूचं "आऽऽ आऽऽ", कारण श्वास सोडताना आवाज काढा हेही मीच शिकवलेलं. आणि त्यावर सुनेचा दम, "अजून! थांबायचं नाही!"

पुढच्या तपासणीला दोघी आल्या. कफ मोजायला मी पट्टीवर खुणा केलेली बाटली दिली होती. तिसऱ्या आठवड्यात ती अर्ध्यावर आलेली. आता मात्र पुन्हा गळ्यापर्यंत. वत्सलाबाईंना तापही होता.

"चार दिवस केलं नाही मॅडम," सुनंदा म्हणाली. "लोक दारात येऊन उभे राहतात. ह्यांना वागळे इस्टेटला कंपनीत पण विचारतात, बायको काय बॉक्सिंग करते काय."

"अहो, मग सांगून टाका ना काय आहे ते!"

वत्सलाबाई पदराशी चाळा करत बसल्या. "लताचं ठरतंय," त्या शेवटी म्हणाल्या. लता म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. "कल्याणचं स्थळ आहे. कफ म्हटलं की लोकं टीबीच बोलणार. मोडेल ओ. आता सून मारते म्हणाले तर म्हणू दे. सुनेचं काय, तिचं तर लग्न झालंय."

मी सुनंदाकडे पाहिलं. "मला चालतं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मला त्या म्हातारीचा असा संताप आला, की थापट्या मीच द्याव्यात असं वाटलं. सपाट हाताने.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "तू बोलायचं नाही. पेशंटचं पेशंट बोलेल."

"आणि नाही बोलली तर?"

"तर ऑपरेशन. आणि तुझी चौकीत जबानी. मी जामिनाला येईन."

मी राहायला डोंबिवलीला. रविवारी दुपारी चारलाच ठाकुर्लीत हजर झाले. म्हटलं, माझ्यासमोर करा. सुनंदाने कडी लावली. वत्सलाबाई खाटेवर पालथ्या, पाय वर, डोकं खाली, तोंडाशी बाटली. लता उशा धरून उभी. ढप ढप सुरू झालं. दहा मिनिटं झाली असतील, दारावर धक्का बसला. तकलादू कडी ती, निघालीच. समोर सुमनताई, मागे पाच-सहा बायका, आणि सगळ्यांच्या पुढे हिरव्या साडीतल्या एक अनोळखी बाई.

लताच्या हातातली उशी पडली. "मुलाची आई," ती माझ्या कानात म्हणाली.

गोष्ट पार कल्याणला त्या बाईंच्या कानावर गेली होती. खोकल्याची नव्हे. मारहाणीची. "ज्या घरात सून सासूला बडवते," त्या म्हणाल्या, "तिथली मुलगी माझ्या घरी काय शिकून येणार? म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं."

म्हणजे जे स्थळ वाचवायला वत्सलाबाईंनी तोंड शिवलं होतं, ते त्या शिवलेल्या तोंडामुळेच मोडत होतं. त्या उठायला लागल्या. मी ओरडले, "उठायचं नाही! आत्ता उठलात तर वर आलेलं सगळं खाली जाईल! दोन मिनिटं. तुम्ही बायका, आत या नाहीतर बाहेर जा, पण शांत राहा."

कुणी बाहेर गेलं नाही. सात-आठ बायका त्या दहा बाय दहात श्वास रोखून उभ्या राहिल्या, आणि एक बाई उलटी पडून खोकत राहिली. इतका लांब खोकला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मला पोटातून हसू फुटत होतं. मी ओठ चावून धरले.

खोकला थांबला. सुनंदाने सासूला उठवून बसवलं, पाठीवर पदर घातला, आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "आईंची पाठ धरलीये. मी नुसती चोळत होते."

चांगलं खोटं होतं. मुलाच्या आईचा चेहरा सैल पडायलाही लागला होता. वत्सलाबाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी गप्प राहिले. सरांनी बजावलं होतं ना.

वत्सलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग तिचा हात उलटा करून तळवा पाहिला. लाल झालेला.

"गप गं," त्या म्हणाल्या. "किती खोटं बोलशील माझ्यापायी." आणि बाटली उचलून सगळ्यांसमोर धरली. "हे बघा. हे माझ्या छातीतलं. मला आजार आहे, लहानपणापासनं. टीबी नाय, तीन वेळा तपासलंय, ह्या मॅडम आहेत, विचारा. ही मला मारत नाय, ही मला जगवते. मी लताच्या लग्नापायी तोंड मिटून बसले आणि हिला बदनाम होऊ दिली. आता मोडायचं तर मोडा."

सुनंदा रडायला लागली. खरं सांगायचं तर मीही.

मुलाच्या आईने बाटलीकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग मला विचारलं, "लागण?"

"नाही होत. टीबी पसरतो, हा नाही."

"आमच्या ह्यांचंही सकाळी असंच भांडंभर निघतं. वीस वर्षं बिडी. तीन जिने चढले की बसतात." त्या लताकडे वळल्या. "तुला येतं का गं हे ठोकायला?"

लताने उशी उचलली. "येतं. वहिनी नसली की मीच करते."

"मग बघायचं काय राहिलंय?"

मी घाईघाईने मध्ये पडले. प्रत्येक खोकला ठोकायचा नसतो. दम्यात नळ्या सैल नसतात, आवळलेल्या असतात, तिथे धोपटून काय उपयोग? बिडीवाल्यांचा क्रॉनिक ब्रॉन्कायटिस आणखी वेगळा. आधी त्यांना तपासायला आणा आणि आधी बिडी सोडवा. माझं कुणी ऐकत नव्हतं. चहा टाकला गेला होता.

वत्सलाबाईंचं ऑपरेशन टळलं. मधले चार दिवस बुडाले होते म्हणून सरांनी आणखी दोन आठवडे दिले, आणि बाटलीत दोन चमचे उरले. लताचं लग्न झालं. सासरे बिडी सोडेपर्यंत तिने त्यांच्या पाठीला हात लावला नाही, हे मला फार आवडलं. पुढे एकदा मी ठाकुर्लीला गेले तेव्हा पावणेपाच वाजायचे होते. सुमनताई आपल्या दारात हातात घड्याळ घेऊन बसलेल्या. भिंतीपलीकडून ढप ढप येत होतं. ते थांबलं तशा त्या ओरडल्या, "सुनंदा! सतरा मिनिटंच झाली! अजून मार!"

त्यानंतर नातेवाइकांना द्यायच्या सूचनांच्या कागदावर मी पहिली ओळ नवी घातली, 'सुरुवात करण्यापूर्वी शेजाऱ्यांना कळवावे.' सरांनी ती दोनदा खोडली, हे मेडिकल नाही म्हणून. मी तिसऱ्यांदा टाइप केली.