मदतीला आलेल्या बाई

इतकी वर्षं बाईंचं एकच मागणं होतं: शाळेला आणखी एक शिक्षक द्या. बैठक कसलीही असो, त्या उठून तेवढंच बोलून खाली बसायच्या. आणि एके सकाळी खरोखरच खांद्याला पिशवी लावून एक तरुण शिक्षिका दारात उभी राहिली, तेव्हा बाईंना काय करावं ते सुचेना. घरी व्याही आल्यासारखी त्यांनी तिला आधी खुर्ची दिली. शाळेत खुर्ची एकच. मग स्वतः दिवसभर उभ्या.

शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे व्हरांडा. चारही वर्ग त्या एका खोलीत, प्रत्येकाचं तोंड आपापल्या भिंतीकडे, आणि बाई मधोमध. पहिलीला गिरवायला लावायचं, वळून चौथीचे भागाकार बघायचे, तेवढ्यात तिसरीला डोळ्यांनीच दटावायचं. बाईंना हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरीसुद्धा एका दमात सासूबाईंची गोळी, मुलाचा गृहपाठ आणि गॅसचा सिलिंडर उरकायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, यातलं माझं कोणतं, तेवढं सांग!"

नव्या बाईंनी तिसरी-चौथी व्हरांड्यात नेली आणि बाईंच्या मागच्या दोन भिंती रिकाम्या झाल्या. तरी त्या वळायच्याच. एकदा तर भिंतीलाच "गप्प बसा रे" म्हणून झालं, आणि पहिलीची पोरं फिदीफिदी हसली. आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे बाईंचं त्यांनाच कळेना.

आठवडाही झाला नसेल, नव्या बाई आत आल्या. पुढे तिसरीतली टकळी. हजेरीत नाव वेगळं होतं, पण पोरीचं तोंड कधी बंद नसायचं, म्हणून सगळे तिला टकळीच म्हणत. आपले धडे तर सोडाच, चौथीच्या कवितासुद्धा तिला तोंडपाठ. बाईंची अगदी लाडकी.

तिला खेळायला पिटाळून नव्या बाई हळूच म्हणाल्या, "बाई, हिला वाचता येत नाही."

"काहीतरीच काय! पुस्तक हातात द्या, घडाघडा म्हणते."

"म्हणते ना. मी भलतंच पान उघडून दिलं, तरी कालचाच धडा म्हणाली."

एका खोलीत सगळ्यांना सगळं ऐकू येतं. पोर नुसत्या कानांनी शिकत गेली होती, आणि तिला अक्षर ओळखता येतं का, हे शेजारी बसून बघायला बाईंना कधी सवडच झाली नव्हती. बाईंना कळेना, रडावं, की या काल आलेल्या नव्या बाईंवर चिडावं? खरं सांगायचं तर त्या थोड्या चिडल्याही.

त्यातच तपासणीचे साहेब यायचे होते. नव्या बाईंची नेमणूक तात्पुरती होती. शाळेला त्यांची गरज आहे की नाही, हे साहेब ठरवणार होते. पाहुणे येणार म्हणून बाईंनी मोठ्या हौसेने व्हरांडा धुऊन घेतला. तो वाळलाच नाही, आणि सगळी वरात पुन्हा आतल्या खोलीत!

साहेबांनी चौथीला प्रश्न विचारला, तर पोरांनी सवयीने बाईंकडे पाहिलं. झालं. बाई ज्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. इकडे पाढे, तिकडे भागाकार, मध्येच टकळीची कविता, तीही हातवारे करून. नव्या बाई खडू हातात धरून कोपऱ्यात उभ्याच राहिल्या.

"वा, बाई! चार वर्ग एकहाती!" साहेब खूश झाले. "तुम्हाला मदत हवीच कशाला? यांना दुसरीकडे पाठवतो. जिथे खरंच कुणाला जमत नाही, तिथे."

बाई लाजल्या. एवढ्या नोकरीत ही पहिलीच शाबासकी. "सवय झालीय हो," असंही बोलून गेल्या. मग नव्या बाई आपला डबा पिशवीत भरताना दिसल्या आणि बाईंच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला. हे काय झालं? चांगलं शिकवलं म्हणून माणूस गेलं? मग काय वाईट शिकवून दाखवायचं होतं? साहेबांशी भांडावं, तर ते बिचारे कौतुकच करत होते. गप्प बसावं, तर टकळी पुन्हा भिंतीकडे तोंड करून कविता म्हणत बसणार.

साहेब गाडीपाशी पोचले होते. बाई चपला न घालताच धावल्या.

"साहेब, मला जमत नाही."

"अहो, आत्ता मी डोळ्यांनी बघितलं की!"

"जमतंय असं दिसतं हो. ती कविता म्हणणारी पोरगी आहे ना, तिला वाचता येत नाही. एक अक्षर नाही. पहिलीपासून माझ्यापुढे बसतेय आणि मला पत्ता नव्हता. या बाईंना आल्या आल्या कळलं."

साहेब गडबडले. एवढं कौतुक केल्यावर असं कुणी बोलतं का, हे त्यांना कळेना. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाई, हे मी लिहिलं तर तुमच्या नावावर लागेल. जरा विचार करून बोला."

विचार करता आला असता तर बाई अनवाणी धावल्या कशाला असत्या?

"लिहा," त्या म्हणाल्या. "माझ्या नावावर लिहा. पण यांना नेऊ नका."