उगवतीची बाजू

प्लेटिंगच्या शेडमधले किस्से साठवावे लागत नाहीत. कपड्यांना ॲसिडचा वास चिकटतो तसे तेही आपसूक घरी येतात.

मी तिथं केमिस्ट होते. टाकी सांभाळायचे देवराव मामा, देवगाव रंगारीचे. नळाच्या तोट्यांवर निकलचा मुलामा चढवण्यात त्यांची हयात गेलेली. करंट कमी की जास्त, हे ते बुडबुडे बघून सांगायचे आणि माझं मीटर नंतर तेच दाखवायचं. माझा लई जळफळाट व्हायचा.

दुष्काळाचं वर्ष होतं, टँकर दोन दिवसांआड. मालकांच्या मेव्हण्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. मामा शांतपणे म्हणाले, "निकलचं हाय, तांब्याचं हाय. साधं परवा येईल." मेव्हण्यांनी रुमालाला हात पुसले.

शहर बिडकीनकडं पसरत होतं. तिकडच्या एका नव्या कंपनीचं काम मिळणार होतं, पण टाकीवरच्या माणसाची तोंडी परीक्षा होणार. नापास झाला तर टाकी दुसऱ्याकडं! मामांना घाम फुटला. त्यांना ‘प्लस’ ठाऊक, ‘ॲनोड’ नाय.

मग मी शिकवायला बसले. ॲनोड हा शब्द ग्रीक, अर्थ वर जायची वाट. नाव ठेवणाऱ्यानं सूर्य डोळ्यांपुढं ठेवला होता. करंट टाकीत शिरतो ती उगवतीची बाजू, म्हणजे ॲनोड. बाहेर पडतो ती मावळतीची, म्हणजे कॅथोड. प्लसला जोडलेली आमची निकलची पट्टी नेमकी पूर्वेलाच टांगलेली, त्यामुळं मामा एकदम खूश.

पुढच्या आठवड्यात शेडचे पत्रे बदलायला टाकी हलवली आणि परत ठेवताना ती उलटी फिरली. मामांनी दारात जाऊन सूर्य बघितला अन् प्लसची वायर पूर्वेला जोडली. तिकडं आता तोट्या होत्या! मुलामा चढायचा राहिला बाजूला, तोट्याच विरघळायला लागल्या.

"ताई, नाव ठाऊक नव्हतं तवा कधी चुकलो नाय," मामा म्हणाले. मला फार वाईट वाटलं. शिकवणारी मीच ना.

परीक्षेला कंपनीचे साहेब आले. टेबलावरची मुलामा चढवलेली एक चकचकीत तोटी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ॲनोड म्हणजे काय?"

मी नखं खातेय. मामा उठले, टाकीतून झिजलेल्या पट्टीचा तुकडा काढला, धुतला आणि टेबलावर ठेवला. "ह्यो ॲनोड."

"एवढासाच?"

"आला तवा हातभर होता."

"मग बाकीचा कुठं गेला?"

"तुमच्या हातात हाय, साहेब."

साहेबांनी तोटी हळूच खाली ठेवली आणि फॉर्मवर सही केली.