नवरीच्या आईचा मेकअप

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा शब्द गिळलेत. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि आता आत मावत नाही — एवढंच.

मंचरला माझं पार्लर आहे. नवरीच्या आईचा मेकअप करावा तर मीच, असं बाया म्हणतात. पन्नाशी-साठीचं, उन्हात रापलेलं कातडं मला कळतं. आधी क्रीम चोळून मुरू द्यायचं. मग बोटाच्या टोकावर मावेल एवढंच फाउंडेशन, तेही मानेच्या रंगाशी जुळवून. डोळ्यांखाली पावडर फिरवायचीच नाही. कुठे शिकलात, विचारतात. पुण्यात कोर्स केला, म्हणते. खोटं आहे. पुण्यात सगळी विशी-बाविशीची तोंडं होती. हे मी एका बाईच्या तोंडावर शिकले, आणि त्या बाईला —

थांबा. आधी ती कोण ते सांगते. नाहीतर तुम्हाला हे किरकोळ वाटेल.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. अवसरीला आमचं एकत्र घर. मोठे दीर गेले तेव्हा त्या तिशीच्या आत होत्या, पदरात एकटी मंदा. मी पार्लरचा कोर्स करायचं म्हटल्यावर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. आक्का म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. पोरांकडं बघाया मी हाय ना." तीन महिने मी एस.टी.नं पुण्याला जात-येत होते आणि माझी दोन्ही पोरं त्यांच्या हातची जेवत होती. समजलं ना, कुणाबद्दल बोलतेय मी?

नव्वदची सालं सरत आली होती तेव्हा मंदाचं लग्न झालं. ऐन मे महिना. विधवा आईनं कन्यादानाला बसायचं नाही, म्हणून पाटावर मी आणि माझा नवरा बसणार होतो. आक्का कडेला उभ्या राहणार. ते ऐकून त्या पाहुण्यांच्या चहाला लागल्या. मंदाला सजवून झाल्यावर मात्र दार लोटून आत आल्या नि हळूच म्हणाल्या, "सुनंदा, माझ्या बी तोंडाला काय तरी लाव की गं. थोडंच. पोरीसंगं येक फोटू तरी बरा यावा."

घाई होती, असं सांगता येईल मला. पण खरं सांगू? कंटाळा आला होता. मंदासाठी उघडलेली गोऱ्या रंगाच्या पॅनकेकची डबी समोर होती, तीच उचलली. कांदा काढून काढून करपलेली कातडी ती — त्यावर बसेना. सुरकुती दिसली की मी आणखी थापत होते, वर पावडर मारत होते. "वढल्यावानी व्हतंय गं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "हसू नका म्हणजे झालं." लेकीच्या लग्नात असं म्हणाले मी त्यांना.

आक्का हसल्या नाहीत, रडल्या. मी पाटावरून मंदाचा हात पुढे केला तेव्हा. व्हिडिओवाल्याचा दिवा नेमका त्यांच्यावर गेला. सारवलेल्या भिंतीला ऊन लागून पडतात तशा भेगा गालभर, तोंड पांढरंफट आणि मान काळी. मुलाकडच्या बायकांत खसखस पिकली. विहीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "मालक न्हाई तरी हौस लई हाय की." सासूबाईंनी दात आवळून विचारलं, "कुनी केलं ह्ये?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पार्लरला वर्ष झालं नव्हतं. त्याच मांडवात पुढच्या लगीनसराईच्या चार पोरी आयांसकट बसल्या होत्या. मी नव्या शालूत, आक्कांच्या जागेवर बसलेली — आणि मी म्हणाले, "मी न्हाई. आक्कांनीच माझी पेटी उघडून लावलं."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "हां," त्या म्हणाल्या. "मीच लावलं."

त्यांना मांडवामागे पिंपाशी नेऊन तोंड धुवायला लावलं. फोटो निघाले तेव्हा त्या तिथे नव्हत्याच. निघताना मंदा आईच्या गळ्यात पडली नाही. "आजच्या दिवशी तरी, आई," एवढंच म्हणाली. पुढे तिची सासू चारचौघांत त्या पावडरीवरून टोमणे मारायची. मंदाचं माहेरी येणं कमी झालं, आली तरी तासाभरात निघायची. आक्का तिला गावच्या फाट्यापर्यंत सोडायला जायच्या आणि एकट्या परत यायच्या. मी एक वाक्य बोलायचं होतं. एकच. सात वर्षं आम्ही एका चुलीवर होतो. त्या वाढत होत्या, मी जेवत होते. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आणि मी? मी रोज ठरवायची — आज सांगते — आणि रोज कुणीतरी नवरी घेऊन पार्लरचा जिना चढत असायचं. मंदाच्या लग्नानंतर आक्का कुणाच्याच लग्नाला गेल्या नाहीत.

मग आक्का वारल्या. दहाव्याला पुरुष घाटावर गेलेले, मंदा माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "काकी, खरं सांग. आईनं तवा असं का केलं असंल?"

घरात आम्ही दोघीच. कुणाची भीती नव्हती. पार्लर चांगलं चाललेलं, सासूबाई कधीच्या गेलेल्या. मी तोंड उघडलं.

"हौस व्हती तिची," मी म्हणाले. "तू नको मनाला लावून घेऊ."

मंदानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देत म्हणाली, "मी माफ केलं तिला, काकी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.