टायपिस्टबाईंचा अर्ज

टायपिस्टबाईंच्या हातून तीस वर्षांत एकही चुकीचा कागद गेला नाही, असं कचेरीत सगळे म्हणायचे. त्याच हातांनी त्यांनी एकदा एक अर्ज टाइप केला होता.

तेव्हा वरच्या मजल्यावर एक जोडपं आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी राहायची. तिला चालता-बोलता येत नव्हतं. आनंद झाला की ती टाचा जमिनीवर आपटायची, आणि तिला आनंद व्हायचा नेमका पहाटे पाचला. ‘सदर मुलीस योग्य ठिकाणी हलवावे,’ असं बाईंनी इमारतीच्या सचिवांना लिहिलं आणि दारोदार फिरून अकरा सह्या गोळा केल्या.

“अगं, लेकरू आहे ते,” यजमान म्हणाले.

“लेकरू त्यांचं, कान आपले,” बाईंनी फटकारलं.

दोन महिन्यांत ते कुटुंब घर सोडून गेलं. जिन्यात मुलीची आई समोर आली आणि मुलीला कडेवर घेऊन तशीच खाली उतरली. बाईंना चक्क हायसं वाटलं.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. दोन वर्षं भरवणं, पुसणं, कूस बदलणं. नातेवाईक “काही लागलं तर सांगा हं” म्हणायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. एकदा शेजारचा इलेक्ट्रिशियन दोन तास यजमानांजवळ बसला, तर बाई स्वयंपाकघरातल्या फरशीवरच मेल्यासारख्या झोपल्या. जाग आली तेव्हा पहिला विचार आला तो वरच्या मजल्याचा. त्या आईला असे दोन तास कुणी दिले होते? आणि आपण काय दिलं? बाईंना स्वतःचीच लाज वाटली. ती मग गेलीच नाही.

यजमान गेल्यावर वर्षभरात त्यांना एका संस्थेची पाटी दिसली. अपंग मुलांच्या आईवडिलांना थोडा विसावा मिळावा, म्हणून आठवड्यातून काही तास मुलं सांभाळणाऱ्या मावश्या हव्या होत्या. दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. बाईंनी नाव दिलं.

तिसऱ्या दिवशी मुलांना भरवायचं कसं हे शिकवायला ज्या ताई आल्या, त्यांना पाहून बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. केस पांढरे झाले होते, पण जिन्यातली ती आईच होती. ताईंनी ओळख दाखवली नाही. मधल्या सुट्टीत बाईच त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“मला ओळखलंत?”

“यादीत नाव वाचलं तेव्हाच.”

“मग मला घेतलंत कशाला?”

“माणसं कमी पडतात.”

“माझं फार चुकलं हो.”

“हो, चुकलं,” ताई चमचे पुसत म्हणाल्या. “मी माफबिफ केलेलं नाही. आणि तुम्ही घास वरून आणता. पोराची मान मागे जाते, ठसका लागतो. चमचा खालून आणायचा.”

“मुलगी कशी आहे?” बाईंनी कसंबसं विचारलं.

“एकोणीसची झाली. अजून टाचा आपटते. आता आम्ही तळमजलाच बघून घेतो.”

बाईंना मान वर करता आली नाही. उरलेले सात दिवस मात्र त्या एकदाही चुकल्या नाहीत.

त्यांच्याकडे पहिली आली ती चिमणी, आठ वर्षांची, मान न धरणारी. दर शनिवारी दहा ते दोन. पहिल्या दिवशी तिची आई दारातून हलेना. “तुमच्यासारखं देवमाणूस मिळालं,” ती म्हणाली, आणि बाईंना ते सहन होईना. त्यांनी अर्जापासून सह्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

आईने पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाली, “आज मी इथेच बसते.” आणि चार तास खुर्चीत बसून ती बाईंचे हात बघत राहिली. बाईंना प्रत्येक घास जड जात होता, पण आईवर रागवायचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी आई अर्धा तास बाहेर गेली. त्यानंतर तासभर. पाचव्या शनिवारी ती दोन वाजता परतली, तेव्हा तिच्या गालावर बागेतल्या बाकाच्या फळ्यांचे वळ उठले होते.

“झोपच लागली हो,” ती ओशाळून म्हणाली. “जेवली का?”

“निम्मंच,” बाई म्हणाल्या. “मी घाई केली नाही.”