लाल दिव्यातले फ्लेमिंगो

शेजारच्या काकू रविवारी बाथरूममध्ये कृष्णधवल फोटो धुतात, म्हणून काका टॉवेल-साबण घेऊन आंघोळीला आमच्याकडे येतात. "तिची लॅब चालू हाय," एवढंच सांगतात.

काकू बेलापूरला सरकारी नोकरीत आहेत. फोटोग्राफी शिकायला लागल्यापासून त्या एक डोळा मिटूनच समोरच्याकडे बघतात. माझ्या पिवळ्या कुर्त्याला परवा "छान राखाडी" म्हणाल्या.

मग त्यांनी खाडीवरचे फ्लेमिंगो टिपले. गुलाबी पक्षी आणि ब्लॅक अँड व्हाइट रोल. अख्खी सोसायटी हसली. रविवारी काकूंनी मला हाताला धरून बाथरूममध्ये ओढलं आणि दार लावलं. टबातल्या रसायनात बुडवलेल्या कागदावर आधी काटकुळे पाय उमटले, मग वाकड्या माना. फोटो धुताना लावायच्या लाल दिव्याच्या उजेडात सगळे पक्षी गुलाबी दिसत होते.

"गप हं, बाहेर बोलू नको," काकू म्हणाल्या आणि आम्ही दोघी तोंड दाबून हसत सुटलो.

बाहेरच्या उजेडात काका फोटो बघून म्हणाले, "हे तर बगळे."

काकूंनी त्यांनाही टॉवेलसकट आत नेलं. बराच वेळ आतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. आमच्याकडे काकांसाठी काढलेलं पाणी निवून गेलं.